येत नाही त्याचा डावा

मी शिक्षिका झाले याचं आमच्या घरात कुणालाच नवल वाटलं नाही, एक मी सोडून. वडील मास्तर, चुलते मास्तर, आत्या मुलींच्या शाळेत बाई. अहमदपुरातल्या आमच्या गल्लीत दगड मारला तर तो मास्तरालाच लागायचा. पण मी पहिल्यापासून घाबरट. गाडी थांबवा, मला उतरायचंय, एवढं कंडक्टरला ओरडून सांगायची हिंमत मला होत नसे. म्हणून एकदा मुरुडला उतरायचं असताना मी पुढच्या फाट्यावर उतरून गुपचूप मागं चालत आलेली आहे. असल्या माणसाच्या हातात खडू देऊन त्याला पोरांपुढं उभं करायचं म्हणजे दोघांचेही हालच.

डी.एड. मी लातूरला केलं. तिथं सरावपाठ असत. आपण एखाद्या शाळेत जाऊन वर्गावर शिकवायचं आणि मागच्या भिंतीला खुर्ची लावून सर आपल्याकडं बघत बसणार. पहिल्याच पाठाला माझे गुडघे लटपटायला लागले, म्हणून मी टेबलाला टेकले, तर टेबलच थरथरायला लागलं. सर नंतर म्हणाले, "टेकायचं असेल तर भिंतीला टेकत जा, ती पक्की असते." त्यांनी शिकवलेलं बरंच काही मला अजून आठवतं. प्रश्न आधी विचारावा, नाव नंतर घ्यावं. फळ्याशी बोलू नये. कवायत घेताना पोरांकडं तोंड करून आपण त्यांचा आरसा व्हावं, म्हणजे तोंडानं 'उजवा हात वर' म्हणायचं आणि आपला मात्र डावा वर करायचा. हे आरशाचं मी इतकं घोटलं की पुढं कितीतरी दिवस पोरं समोर दिसली की मला डावं-उजवंच कळेनासं व्हायचं.

शेवटी शेवटी 'माझी शैक्षणिक भूमिका' असा एक निबंध लिहायचा होता. विद्यार्थ्यांना स्फूर्ती कशी देणार, वगैरे. मी लिहिलं, मूल म्हणजे उमलणारं फूल आणि शिक्षक म्हणजे माळी. वर्गातल्या बहुतेकींनी हेच लिहिलं होतं. सरांनी माझ्या वहीवर लाल शाईत शेरा मारला, 'बाग छान आहे. आता जरा शाळेकडे या.'

शाळेकडं आले ती थेट बिलोलीच्या पुढं, तेलंगणाच्या अंगाला असलेल्या एका गावात. चौथीपर्यंतची शाळा, शिक्षक दोनच. पहिली-दुसरी हेडसरांकडं, तिसरी-चौथी माझ्याकडं. मी शिक्षणसेवक, म्हणजे तीन वर्षं नीट काढली तरच कायम होणार. ती तीन वर्षं माझ्या डोक्यावर टांगल्यासारखी होती. तालुक्याहून शिपाई साधा कागद घेऊन आला तरी मी तो चारदा वाचल्याशिवाय सही करत नसे. हेडसर देगलूरकडचे, रिटायर व्हायला आलेले, माणूस मायाळू. माझा चेहरा पडलेला दिसला की डब्यातली चटणी पुढं सरकवायचे आणि म्हणायचे, "मॅडम, भिऊ नका हो. सरकारी शाळा हाय, पळून न्हाई जात."

तरी पहिल्या हिवाळ्यात माझ्या तोंडचं पाणी पळालंच. आमच्या केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या गावांतल्या, सगळ्या शाळांचे शिक्षक महिन्यातून एकदा एका शाळेत जमतात. तिला शिक्षण परिषद म्हणतात. भाषणं होतात, जेवण होतं, आणि यजमान शाळेतलं कुणीतरी सगळ्यांसमोर एक आदर्श पाठ घेतं. ही वेळ आमच्या शाळेची होती. आणि जो नवा, त्याच्या गळ्यात पाठ, ही रीत.

विषय ठरला चौथीचे अपूर्णांक. मी पुठ्ठ्याच्या गोल भाकरी कापल्या, रंगवल्या, तीन भागांची एक, चार भागांची एक. आदल्या दिवशी हेडसर वर्गात आले आणि पोरांना म्हणाले, "उद्या काय करायचं ते ध्यानात हाय ना?" पोरं एका सुरात म्हणाली, "हाव सर!" मला काहीच माहीत नव्हतं. मग हेडसरांनी मला बाजूला घेऊन समजावलं. मॅडमनी प्रश्न विचारला की सगळ्या वर्गानं हात वर करायचा. उत्तर येतंय त्यानं उजवा, येत नाही त्यानं डावा. मी फक्त उजव्यांना उभं करायचं. पाहुण्यांना दिसणार काय, तर सगळा वर्ग हुशार.

"पण सर, हे..."

"मॅडम, झाकली मूठ सव्वा लाखाची. सगळीकडं असंच हाय."

संध्याकाळी मी घरी फोन लावला. वाटलं, बाबा तरी हे बरोबर नाही म्हणतील. बाबा म्हणाले, "अगं मग घाबरायलीस कशाला? हेडसर सांगायलेत तसं कर. उजवा-डावा आमच्या वेळेपासून हाय."

"म्हणजे बाबा, तुमच्या त्या पाठाचा सत्कार झाला होता तो..."

"तुझी आई बोलवायलीय," म्हणून बाबांनी फोन ठेवला.

चौथीत एक मुलगी होती. शेतकऱ्याची, सावळी, कपाळावर पडल्याची जुनी खूण. खेळात पुढं, गणितात मागं. आदल्या दिवशीच्या तालमीत बाकीची पोरं डावा हात जरा लाजत, कोपरात दुमडून वर करत होती. ही मात्र असा सरळ ताठ करायची की जणू मोठं बक्षीसच घ्यायचंय. डाव्या हातांत तिचाच हात सगळ्यांत उंच. मी तिला ध्यानात ठेवलं होतं ते केवळ तिला विचारायचं नाही म्हणून.

परिषदेच्या दिवशी मागं सतरंजीवर आणि खुर्च्यांवर सगळ्या केंद्राचे शिक्षक, मधोमध केंद्रप्रमुख. बाहेर चुलीवर वांग्याच्या भाजीला फोडणी पडलेली, शिऱ्याचा वास आत येतोय. मी भिंतीला टेकले. पुठ्ठ्याच्या भाकरी दाखवल्या, ठरलेलं बोलले, आणि ठरलेला प्रश्न विचारला, "तिसरा हिस्सा मोठा की पाव हिस्सा मोठा?"

सगळ्या वर्गाचे हात वर गेले. मागून कुणीतरी "वा" म्हणालं. माझ्यासमोर नुसतं हातांचं रान, आणि माझ्या डोक्यात लातूरचा आरसा सुरू झाला. माझ्या उजवीकडं जो हात दिसतो तो त्यांचा कोणता? डावा, म्हणजे उजवा, म्हणजे... सगळ्यांत सरळ आणि ताठ हात दिसला तिकडं मी बोट केलं. "तू सांग."

ती उठली. आधी तिनं आपल्या हाताकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"म्याडम, माझा डावा हाय."

माझं बोट तिच्याकडंच राहिलं. तिला वाटलं मला नीट ऐकू गेलं नाही. ती अजून मोठ्यांदा म्हणाली, "येत न्हाई म्हनून डावा केला. सरांनीच सांगितलंय की."

मागं सगळे शिक्षक खदाखदा हसायला लागले. कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही, कारण प्रत्येकाच्या शाळेत हेच होतं. केंद्रप्रमुख खाली मान घालून कागद चाळायला लागले. हेडसर दारात उभे होते, त्यांचा चेहरा मी पाहिला आणि परत त्या बाजूला बघायची माझी छाती झाली नाही. त्या क्षणी शाळेला आग लागली असती तर मी देवाचे आभार मानले असते.

पळून जाता येत नव्हतं, म्हणून मी विचारलं. त्यात धीटपणा वगैरे काही नव्हता. "काय येत नाही तुला?"

"चार तीनाहून मोठा हाय. मग चारातला हिस्सा बारका कसा?"

हसणं थांबलं. मी पुठ्ठ्याची भाकरी उचलली. "हे बघ, एक भाकरी चौघांत सारखी वाटली तर..."

"भाकर कोन सारखी तोडतंय म्याडम? ज्याला भूक लई, त्याला मोठा तुकडा."

मी पुठ्ठ्याची भाकरी टेबलावर ठेवली. ती आपली उभी, डावा हात अजून वरच, कारण खाली घे असं तिला कुणी म्हटलेलं नव्हतं. मी शेवटी तिलाच विचारलं, "मग तुमच्या घरी कशाची वाटणी अगदी सारखी होते? ज्यात कुणी कमी-जास्त करतच नाही?"

तिनं विचार केला. "विहिरीची."

"कशी?"

"आमच्या विहिरीवर तीन घरं हाईत. एक दिस आमचा, एक थोरल्या काकाचा, एक बारक्या काकाचा. पाळी चुकली की भांडनं होत्यात. उद्या आमची पाळी हाय."

"आणि चार घरं असती तर?"

ती बोटांवर मोजायला लागली. मध्येच थांबली. "मग चौथ्या दिशी पानी. तवर हरभरा वाळंल की." आणि मग माझ्याकडं न बघता, पुठ्ठ्याच्या भाकरीकडं बघत म्हणाली, "म्हंजे चारातला वाटा बारकाच. घरं वाढली की पानी कमी."

तिनं डावा हात खाली घेतला, उजवा वर केला आणि खाली बसली.

मी मग उजव्या हातवाल्या एका पोराला विचारलं, "तिसरा हिस्सा मोठा का रे?" तो म्हणाला, "सरांनी काल सांगितलंय म्हनून." दुसऱ्याला विचारलं, तोही तेच म्हणाला. उजव्या हातांचीही मूठ झाकलेलीच होती. मग विहिरीवरून सगळ्यांची गाडी पुढं निघाली, सहा घरांची विहीर, आठ घरांची विहीर, आणि बाहेर भाजी निवत राहिली.

केंद्रप्रमुख एवढंच म्हणाले, "पाठ वेळेत संपला नाही." जेवताना हेडसरांनी शिरा घेतला नाही. पाहुणे गेल्यावर ते माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, इतक्या वर्षांची इज्जत होती हो." रागावले असते तर बरं झालं असतं. मग मी त्यांना नळाजवळ त्या मुलीशी बोलताना पाहिलं. "तुला त्वांड आवरत न्हाई का गं?" असं काहीतरी म्हणाले. तिनं मान खाली घातली, दप्तर उचललं आणि गेली. मला पुढं व्हायला हवं होतं. मी हातातल्या पुठ्ठ्याच्या भाकरी एकावर एक रचत उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली नाही.

माझ्या मनाला धावायला एवढी जागा पुरे होती. तिच्या बापाला कळलं असेल, त्यानं मारलं असेल. ती आता शाळेत यायची नाही. येईल तर बोलायची नाही. उभी राहून जन्मात पहिल्यांदा खरं बोलली आणि सगळ्या केंद्राचे मास्तर तिला हसले, हे ती कशी विसरणार? सकाळभर मी वर्गात काय शिकवलं ते मला आठवत नाही. हेडसर म्हणाले, "ती तशीबी मधनं मधनं राहतेच घरी." मला त्यांचाही राग आला आणि स्वतःचा जास्त.

शाळा सुटल्यावर मी तिचं घर विचारत गेले. घराला कडी. शेजारची म्हातारी म्हणाली, "समदी शेतात हाईत." मी बांधाबांधानं निघाले. चपलेत ढेकळं, मनात पुढच्या बोलण्याची तयारी. तिच्या बापासमोर काय म्हणायचं, हेडसरांच्या वतीनं माफी कशी मागायची, सगळं पाठ करत चालले होते.

ती हरभऱ्यात उभी होती. फ्रॉक वर खोचलेला, पायाला चिखल, हातात फावडं, एका सरीतलं पाणी तोडून दुसऱ्या सरीला लावत होती. मला बघून हसली. "म्याडम! आज आमची पाळी हाय ना. दिवसा लाईट हाय."

"पाळी?" मी विचारलं.

"कालच सांगितलं की तुमाला. समद्यांसमोर."

सांगितलं होतं. उद्या आमची पाळी, असं स्वच्छ सांगितलं होतं. मी त्यातला अपूर्णांक तेवढा उचलला आणि बाकीचं सोडून दिलं. हजेरीत ती आठवड्यातून दोनदा का गैरहजर असते याचा मी हिवाळाभर विचार केला नव्हता. रब्बीचं पाणी सुरू झाल्यापासून तिची प्रत्येक गैरहजेरी तिसऱ्या दिवशीची होती. मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं, आणि दोन्ही लपवायला मी बांधावर बसले. तिच्या आईनं ओल्या हरभऱ्याचे डहाळे माझ्या ओच्यात टाकले. "खावा बाई. पोरगी कालपासून तुमचंच सांगून राहिली."

आई पलीकडं गेल्यावर ती जवळ आली. "हेडसर तुमाला रागावले का?"

"थोडे."

"मला बी." तिनं फावड्यानं एक ढेकूळ फोडलं. मग म्हणाली, "म्याडम, तुमाला समदं येतंय का?"

"नाही गं."

"मग तुमी कोनता हात वर करता?"

मी म्हणाले, मोठ्या माणसांना कुणी हात वर करायला सांगत नाही. हे उत्तर तिला पटलं नाही. मलाही पटलं नव्हतं. तेवढ्यात सरी भरली आणि ती पळाली.

त्यानंतर मी हेडसरांची रीत मोडली नाही, फक्त उलटी केली. वर्गात प्रश्न विचारला की उजवे-डावे दोन्ही हात वर येऊ देते, आणि आधी डाव्यांकडं जाते. उभं करत नाही, जाऊन शेजारी बसते आणि विचारते, कुठवर येतंय ते सांग. ज्या दिवशी ती मुलगी पाळीवर असे त्या दिवशी नवं काही शिकवत नसे, जुनंच घोटून घेत असे. पहिले काही दिवस तर उजवे हात कमीच होत गेले. जी पोरं कालपर्यंत छातीठोक उजवा करायची ती हळूच डावा करायला लागली. माझा जीव टांगणीला. अभ्यासक्रम मागं पडतोय, तपासणी कधीही येईल, कुणी वर्गात आलं आणि निम्मे डावे हात दिसले तर माझी तीन वर्षं संपली. एखाद्या दिवशी दारात जीपचा आवाज आला की मलाच वाटायचं, ओरडून सांगावं, सगळ्यांनी उजवा करा रे. सांगितलं नाही, पण वाटायचं, आणि अजूनही वाटतं.

आज कुणी मला परत तो निबंध लिहायला सांगितला तर फूल नको आणि माळी नको. पोरांना स्फूर्ती द्यायची भाषणं मला जमत नाहीत, माझाच आवाज कापतो. पण भीती मला आतून माहीत आहे. येत नाही हे लपवायला किती ताकद लागते, ते मला ठाऊक आहे, आणि ती ताकद वाचली तर पोर तीच शिकायला वापरतं. यापलीकडं माझं काही तत्त्वज्ञान नाही.

हेडसरांनी माझ्या वर्गातले डावे हात खिडकीतून पाहिले होते. चटणी मात्र पुन्हा पुढं सरकवायला लागले.

उन्हाळ्याच्या तोंडावर आम्हा दोघांनाही नांदेडला प्रशिक्षणाला बोलावलं. मोठा हॉल, पंखे घरघरतायत, नांदेड-बिलोली-देगलूरकडचे ढीगभर शिक्षक. विषय मूल्यमापनाची नवी पद्धत. पडद्यावर तक्ते सरकत होते आणि तज्ज्ञ सर भरभर बोलत होते. दुसऱ्या तक्त्यालाच माझा धागा सुटला. मी आजूबाजूला बघितलं, सगळे मान डोलावत लिहून घेत होते. शेजारी हेडसरही लिहीत होते.

शेवटी सर म्हणाले, "समजलं ना सगळ्यांना?"

"हो सर!" सगळा हॉल एका सुरात म्हणाला. आमची पोरं म्हणतात तसंच.

"कुणाला काही शंका?"

सर वायर गुंडाळायला लागले. मला हरभऱ्यात उभी असलेली ती दिसली, चिखलाचे पाय, आणि तिचा तो प्रश्न. कोनता हात वर करता? मी हात वर केला, डावा. कोपरात दुमडलेला होता, मग सरळ केला.

"सर, मला नाही समजलं. दुसऱ्या तक्त्यापासून."

माना वळल्या. मागून कुणीतरी हसलं. सरांनी घड्याळाकडं बघितलं. मी भिंत शोधत होते, पण जवळपास भिंत नव्हती. तेवढ्यात माझ्या बाजूला खुर्ची करकरली आणि आणखी एक हात वर गेला, पिकल्या केसांचा, मनगटावर जुनं घड्याळ असलेला. समोरून पाहिलं की मी अजूनही घोळ घालते. पण हेडसर माझ्या शेजारी होते आणि आमची दोघांची तोंडं एकाच दिशेला होती. त्यांचा हात डावाच होता.